अकरावीचा पहिला धडा सोडून दिला तर चालतं का? (मापन, अंदाज, मॉडेल वगैरे)

तिलकनगरवाली | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, भौतिकशास्त्रवाल्यांसाठी एक प्रश्न. भाचा यंदा अकरावीत आहे, क्लाससाठी आमच्याकडे इंदूरला राहतो. त्याच्या पुस्तकात दुसऱ्या धड्यापासून पुढे सगळं रंगवलेलं आणि पहिला धडा कोरा करकरीत. विचारलं तर म्हणतो, "मावशी, तो सोडूनच द्यायचा असतो. एकक, मिती, सार्थ अंक. परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ केलं की झालं."

मी वाणिज्य शाखेची, वाद घालायला माझ्याकडे मुद्दे नाहीत. तो धडा खरंच नुसती नियमावली आहे का? नसेल तर घरच्या घरी करून बघता येईल असं काही सुचवा. उपकरणं म्हणाल तर शिवणाची टेप, मोबाईल आणि गच्ची.

भंवरकुआं_सर | सोमवार, रात्री १०:१५

क्लासमध्ये शिकवतो, म्हणून स्पष्टच लिहितो. भाच्याचं फार चुकलेलं नाही. दोन वर्षांत सगळा अभ्यासक्रम शिकवून वर उजळणी करायची असते. पहिल्या धड्यावर जरा जास्त वेळ घालवला की पालकच फोन करतात, यांत्रिकी कधी सुरू करताय? मितीय विश्लेषण (समीकरणाच्या दोन्ही बाजूंची एककं जुळतात का ते बघणं) मी शिकवतो ते पर्याय उडवायला. चारपैकी दोन पर्यायांच्या मितीच जुळत नाहीत, उरले दोन. सार्थ अंकांवर प्रवचन ऐकून कुणाची रँक सुधारलेली माझ्या पाहण्यात नाही.

पोहे_जलेबी | सोमवार, रात्री १०:२२

सर बोले सो फायनल भिया. धागा बंद करा, सराफ्यात भेटू.

लोलक | सोमवार, रात्री ११:५०

सराफा कुठे पळत नाही. सर, तुम्ही ज्याला पर्याय उडवणं म्हणता तेच भौतिकशास्त्रज्ञ रोज करतात, फक्त त्यांच्यासमोर पर्याय छापलेले नसतात.

दोऱ्याला गोळा टांगून झुलवला. एका झोक्याला लागणारा वेळ कशावर अवलंबून असेल? सुचेल ते लिहा: गोळ्याचं वस्तुमान, दोऱ्याची लांबी, गुरुत्वत्वरण (g). उत्तर सेकंदात यायला हवं. यादीत किलोग्रॅम फक्त वस्तुमानात आहे, त्याला कापायला दुसरं काही नाही, म्हणून वस्तुमान बाद. लांबीत मीटर, गुरुत्वत्वरणात मीटर भागिले सेकंदाचा वर्ग. यातून सेकंद निघण्याचा एकच मार्ग उरतो, लांबी भागिले g याचं वर्गमूळ. एकही प्रयोग न करता आपल्याला कळलं की लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट होणार. समोरचा २π या रीतीनं कळत नाही. झोका किती मोठा दिला याचाही पत्ता लागत नाही, कारण कोनाला मितीच नसते. रीत कुठे आंधळी आहे हेही तिच्याबरोबरच शिकावं लागतं.

याच रीतीचा गाजलेला मासला म्हणजे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर. जुलै १९४५ मध्ये अमेरिकेनं पहिला अणुस्फोट केला. त्याची ऊर्जा गुप्त होती, पण पुढे छायाचित्रं प्रसिद्ध झाली, त्यांवर वेळ आणि मीटरची पट्टी छापलेली. टेलर यांनी विचार केला की आगीच्या गोळ्याची त्रिज्या ऊर्जा, हवेची घनता आणि लोटलेला वेळ यांवरच ठरणार. मिती जुळवल्या की ऊर्जा बरोबर घनता गुणिले त्रिज्येचा पाचवा घात भागिले वेळेचा वर्ग. ०.०२५ सेकंदाला त्रिज्या सुमारे १४० मीटर आणि हवेची घनता १.२ घेऊन भाच्याला करू द्या. साधारण २५ किलोटन टीएनटी येतं. प्रत्यक्ष स्फोट २० ते २५ किलोटनांचा मानतात. त्यांचे लेख १९५० मध्ये छापून आले.

नर्मदे_हर | मंगळवार, सकाळी ६:३५

पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. ताई, अणुबॉम्ब राहू द्या, नळाचं घ्या.

इंदूरचं पिण्याचं पाणी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नर्मदेवरून येतं. मंडलेश्वरजवळ जलूदला उपसायचं आणि सुमारे ७० किलोमीटर आणायचं. नदी तिथे समुद्रसपाटीपासून साधारण १५० मीटरवर, शहर ५५० मीटरवर. भाच्याला एवढंच विचारा: हजार लिटर पाणी वर आणायला किती वीज लागते? पुस्तक बघायचं नाही, गूगल करायचं नाही.

हजार लिटर म्हणजे हजार किलो. g ला १० धरा. उंची ४०० मीटर. गुणाकार ४० लाख जूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे हजार लिटरला एक युनिटाहून थोडं जास्त. तोंडी होतं. आता यात काय काय गाळलं ते त्यालाच शोधू द्या. पंप आणि मोटर मिळून बरीच वीज खातात, नळीतलं घर्षण आहे. शिवाय पाणी आधी विंध्याच्या घाटमाथ्यावर चढवतात आणि मग ते उतारानं शहरात येतं, तेव्हा खरी चढण ४०० नाही. शंभर-दीडशे मीटर आणखी धरा. सगळं धरून मी हजार लिटरला दोन ते अडीच युनिट म्हणेन.

पुढचा प्रश्न साऱ्या शहराचा. लोकसंख्या ३० लाख धरू, माणशी दिवसाला १३५ लिटर (नियोजनात हाच आकडा वापरतात). झाले ४० कोटी लिटर, म्हणजे रोज आठ ते दहा लाख युनिट. युनिटला सहा-सात रुपये लावले तर दिवसाला अर्धा कोटी ते पाऊण कोटी रुपये. पालिकेच्या पाण्याच्या वीजबिलाच्या बातम्या येतात तेव्हा आकडा महिन्याला कोटींतच असतो, लाखांत नसतो. तेवढं जुळलं तरी मी त्याला पास करीन.

पेठेतला | मंगळवार, सकाळी ९:०५

लोकसंख्या "धरू", रुपये "धरू", चढण "आणखी धरा". पुण्यात याला गप्पा म्हणतात.

नर्मदे_हर | मंगळवार, सकाळी ९:४०

आमच्याकडेही गप्पाच म्हणतात, पण या गप्पांत कुठला आकडा किती ढिला आहे ते आम्हांला ठाऊक असतं. लोकसंख्या ३० ऐवजी ३५ लाख निघाली तर उत्तर सहाव्या हिश्शानं वाढेल. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के की ७५, त्यानं त्याहून जास्त फरक पडेल. g ९.८ घेतला की १०, त्यानं मात्र दोन टक्के. म्हणून या गणितात g वरून भांडणारा पोरगा हुशार दिसला तरी त्याला गणित कळलेलं नसतं. वेळ घालवायचाच तर पंपाच्या कार्यक्षमतेचा खरा आकडा शोधण्यात घालवावा.

तिलकनगरवाली | मंगळवार, दुपारी २:१०

काका, जेवताना विचारलं. पहिल्यांदा हजार लिटरला "पन्नास युनिट" म्हणाला, मग कागद घेऊन बसला आणि १.०९ सांगितलं. दोन दशांश स्थळं कशाला, असं मीच विचारलं. त्यावर म्हणाला, कॅल्क्युलेटरवर तसंच येतं.

भंवरकुआं_सर | मंगळवार, दुपारी २:३५

१.०९ बरोबर आहे. g ९.८ घेतला की तेवढंच येतं.

लोलक | मंगळवार, दुपारी ३:२०

गुणाकार बरोबर आहे, सर. पण ४०० मीटरमधला पहिलाच अंक डळमळीत असताना शेवटचा ९ कुणाच्या भरवशावर लिहायचा? सार्थ अंक म्हणजे फक्त शून्यं मोजण्याचे नियम नव्हेत. उत्तरातल्या कुठल्या अंकापर्यंत तुम्ही जामीन राहायला तयार आहात, ते लिहिण्याची ती रीत आहे.

गच्चीवरचा_भाचा | बुधवार, संध्याकाळी ७:०५

नमस्कार. मीच तो भाचा. मावशीनं हा धागा वाचायला लावला.

शाळेत साध्या लोलकाचा प्रयोग झालाय, त्याचंच विचारतो. दोरा ९८.५ सेमी. २० आंदोलनांचे वेळ: ४०.२, ३९.९, ४०.३, ४०.०, ४०.१ सेकंद. सरासरी ४०.१, म्हणून एका आंदोलनाला २.००५. सूत्रात टाकलं तर g = ९.६७ येतो. वर्गात सगळ्यांचे ९.८ आहेत. सगळे वेळ बसवतात. उत्तर ९.८ धरायचं, उलटं गणित करायचं आणि त्याच्या आजूबाजूचे पाच आकडे लिहायचे. माझंही एवढं जवळ आलंय तर ९.८ लिहू का? फरक सव्वा टक्क्याचाच आहे.

पोहे_जलेबी | बुधवार, संध्याकाळी ७:११

लिहून टाक भिया, परीक्षकाला पण घरी जायचं असतं.

लोलक | बुधवार, रात्री १०:३०

लिहू नकोस. तुझ्या वहीत आख्ख्या वर्गातला सगळ्यात चांगला प्रयोग पडलेला आहे, तो बसवून मारू नकोस.

सव्वा टक्का म्हणजे थोडा की फार, हे नुसत्या टक्क्यावरून ठरत नाही. तुझं मोजमाप किती हलतं त्यावरून ठरतं. पाच वेळा बघ: सर्वांत कमी ३९.९, सर्वांत जास्त ४०.३. एक-एक वेळ साधारण ०.१६ सेकंदानं मागेपुढे होतोय. घड्याळाचं बटण दाबायला बोटाला लागतो तेवढाच हा हिसका, म्हणजे नोंद प्रामाणिक दिसते. पाचांची सरासरी घेतली की ही अनिश्चितता पाचाच्या वर्गमूळानं कमी होते आणि ४०.१ मध्ये ०.०७ सेकंद उरते. टक्क्यात ०.१८. सूत्रात काळाचा वर्ग आहे म्हणून दुप्पट, ०.३५ टक्के. टेपवर लांबी २ मिलिमीटर इकडेतिकडे धरली तर आणखी ०.२ टक्के. दोन्ही एकत्र केल्यावर g मध्ये साधारण ०.४ टक्के, म्हणजे ०.०४.

तेव्हा तुझं उत्तर नुसतं ९.६७ नाही, ९.६७ ± ०.०४ आहे. इंदूरचं अक्षांश आणि उंची धरली तर इथे g ९.७९ च्या आसपास असायला हवा. फरक ०.१२, म्हणजे तुझ्या अनिश्चिततेच्या तिप्पट. योगायोगानं असं क्वचितच होतं. बोट चुकलं म्हणून हा फरक पडलेला नाही. आणखी शंभर वेळा मोजलंस तरी ± लहान होईल, ९.६७ मात्र जागचं हलणार नाही. कुठेतरी काहीतरी दर वेळी एकाच बाजूला ओढतंय. काय ते तुझ्या पोस्टमध्येच लिहिलेलं आहे, शोध.

गच्चीवरचा_भाचा | बुधवार, रात्री १०:५२

कोन? आम्ही बराच मोठा झोका देतो.

लोलक | बुधवार, रात्री ११:०५

विचार योग्य, संशयित चुकीचा. १० अंशांच्या झोक्यानं दोलनकाल (एका आंदोलनाचा वेळ) ०.२ टक्के वाढतो, ३० अंशांनी १.७ टक्के. काळ वाढला की g कमी येतो, म्हणजे दिशा जुळते. पण सव्वा टक्का फरक कोनाच्या माथी मारायचा तर झोका वीस अंशांवर द्यायला हवा, आणि पाचही वेळा तो तसाच टिकायला हवा. पुन्हा एकदा "दोरा ९८.५" वाच.

गच्चीवरचा_भाचा | बुधवार, रात्री ११:२०

प्रयोगवहीच्या छापील तक्त्यात "दोऱ्याची लांबी" असाच रकाना आहे. गोळा त्याच्या खाली. व्यास व्हर्निअरनं मोजला होता, २.२ सेमी, पण तो कुठे वापरायचा ते तक्त्यात नव्हतं.

म्हणजे लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत, ९८.५ + १.१ = ९९.६? मग g = ९.७८. ± ०.०४.

लष्कर_ग्वाल्हेर | गुरुवार, सकाळी ८:१५

शाब्बास रे बाळा. तक्ता छापणाऱ्यानं कित्येक वर्षांच्या पोरांना ९.६७ काढायला लावलं असणार, आणि ती सगळी गुपचूप ९.८ बसवत राहिली.

तुझ्यावरून आमच्या मुलखातली गोष्ट आठवली. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची मुळं तुम्ही लोक डेहराडूनला शोधता, पण त्याचा एक मुख्य खुंटा मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूरला आहे. लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासहून सुरुवात केली, १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं (शिखराला नाव आहे तोच) काम उत्तरेकडे नेलं. सिरोंजला जमिनीवर आधाररेषा मोजली आणि तिच्यावरून त्रिकोण चढवत थेट हिमालयाच्या पायथ्याशी.

आता मजा बघा. कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना, या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतला फरक दोन तऱ्हांनी काढला. एकदा त्रिकोणांवरून, एकदा ताऱ्यांवरून. अंतर सुमारे ६०० किलोमीटर. दोन उत्तरांत तफावत निघाली ५.२३६ कोनीय सेकंदांची, जमिनीवर साधारण १६० मीटर. सहाशे किलोमीटरमागे एकशे साठ मीटर, कोणीही म्हणेल सोडा. पण मोजणाऱ्यांची स्वतःची अनिश्चितता त्याहून लहान होती, म्हणून सोडवेना. एव्हरेस्टला वाटलं त्रिकोणांतच कुठेतरी साठत आलंय. कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चचे पदाधिकारी, प्रॅट यांनी वेगळाच संशय घेतला. तारे बघताना उभी दिशा ओळंब्यानं ठरवतात, आणि ओळंबा हिमालयाकडे ओढला जात असेल तर? त्यांनी हिमालयाचं वस्तुमान अंदाजे धरून ओढ काढली. यायला हवे होते ५ सेकंद, आले जवळजवळ १६.

पेठेतला | गुरुवार, सकाळी ९:३०

म्हणजे मॉडेल तिप्पट चुकलं. "आणखी धरा" पद्धतीचा परिणाम.

लष्कर_ग्वाल्हेर | गुरुवार, सकाळी १०:०५

चुकलं, आणि किती चुकलं ते आकड्यात सांगता आलं, म्हणून तर पुढचं घडलं. हिमालय वर जेवढा दिसतो तेवढा ओढत नाही, याचा अर्थ त्याच्याखाली काहीतरी हलकं असणार. १८५५ मध्येच इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ एअरी यानं मांडलं की डोंगराला हलक्या खडकाची खोल मुळं असतात आणि तो खालच्या जड थरावर तरंगत असतो. प्रॅट यांनी पुढे घनतेतल्या फरकाचा आपला वेगळा विचार मांडला. भूकवचाच्या संतुलनाची कल्पना इथून निघाली. एव्हरेस्टच्या माणसांनी ५ सेकंद बसवून टाकले असते तर सिरोंजच्या माळावर हा प्रश्न उभाच राहिला नसता.

कॅट_रोड | गुरुवार, दुपारी १:४५

मॉडेल चुकण्यावर इंदूरचंच उदाहरण देतो. राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ नावाचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेगानं गोल फिरवणारं यंत्र, आहे. परीघ १७२.५ मीटर, इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. भाच्याला आत्ता येतं तेवढ्याच सूत्रानं, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, वेग काढायला सांगा. प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ शंभर पट येईल. गुणाकार निर्दोष आणि उत्तर अशक्य. सूत्र त्याच्या हद्दीबाहेर वापरलं की असं होतं. सापेक्षतेचं सूत्र लावलं की वेग प्रकाशापेक्षा सेकंदाला जेमतेम ६ मीटर कमी. मग फेऱ्या मोजायला प्रकाशाचाच वेग घेतला तरी चालतो: ३० कोटी भागिले १७२.५, सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या.

न्यूटन खोटा पडला असं मात्र पोराला सांगू नका. नर्मदेच्या पाण्याला न्यूटन पुरून उरतो.

भंवरकुआं_सर | गुरुवार, रात्री ९:५५

हे वर्गात वापरीन, पण पहिल्या धड्यात नाही, कार्य-ऊर्जेच्या धड्यात. आणि एक प्रांजळपणे विचारतो. लोलकांनी जे ± काढलं, ते कुठल्याच प्रवेशपरीक्षेत विचारत नाहीत. विचारतात ते फक्त "टक्के त्रुटी किती", तीसुद्धा छापील आकड्यांवर. मग साठ पोरांच्या वर्गात मी ते कशासाठी करू?

लोलक | गुरुवार, रात्री १०:४०

सर, परीक्षेसाठी करू नका. एकदाच करा: साठ जणांना एकाच लोलकाचा वेळ मोजायला लावा आणि साठही आकडे फळ्यावर लिहा. अर्धा तास जाईल. पुढची दोन वर्षं "उत्तर बरोबर आहे का" याऐवजी पोरं "कितपत बरोबर" विचारतील. नाही विचारलं तर अर्धा तास माझ्या नावावर लिहा.

मांडवीवाला_बडोदा | शुक्रवार, सकाळी ७:५०

उशिरा आलो. सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढायचा प्रयोग कुणीच कसा सुचवला नाही? एराटोस्थेनीसनं इजिप्तमध्ये केला तो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, तीन गच्च्या तयार आहेत.

लोलक | शुक्रवार, सकाळी ८:३०

उत्तम. इंदूर २२.७ अंशांवर, ग्वाल्हेर २६.२ वर. त्याच दिवशी भरदुपारी दोन्हीकडे १ मीटर उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली मोजायची, दोन्हींवरून सूर्याचे कोन काढायचे, वजाबाकी ३.५ अंश यायला हवी. ३.५ अंशांना दोन शहरांतलं उत्तर-दक्षिण अंतर, तर ३६० अंशांना किती, तोच परीघ. बडोदं २२.३ वर, म्हणजे इंदूरपासून ०.४ अंश. सूर्याची तबकडीच अर्धा अंश रुंद आहे. या कामाला बडोदं बाद, माफ करा.

गच्चीवरचा_भाचा | शुक्रवार, दुपारी ४:२०

काठी १ मीटरऐवजी ३ मीटर घेतली तर सावली लांब, मोजायला सोपी?

लोलक | शुक्रवार, दुपारी ५:००

सावली तिप्पट होईल आणि तिच्या टोकाचा धूसर पट्टाही तिप्पट. तो पट्टा सूर्याच्या अर्ध्या अंशामुळे पडतो, काठी बदलून अंश बदलत नाही. धूसर पट्ट्याचा मध्य नीट धरलास तर एका ठिकाणी ०.१ अंशापर्यंत जमेल. दोन ठिकाणांचे मिळून ०.१५. साडेतीन अंशांत चार टक्के. काठी लांब करण्यापेक्षा शहरं लांबची घेणं जास्त फायद्याचं.

पेठेतला | शुक्रवार, संध्याकाळी ६:१०

एक खरा आक्षेप. दोन शहरांतलं उत्तर-दक्षिण अंतर कुठून आणणार? मोबाईलच्या नकाशावरून घेतलंत तर त्या नकाशात पृथ्वीची त्रिज्या आधीच भरलेली आहे. जे शोधायचं तेच वापरून ते "शोधलं" असं होईल.

लष्कर_ग्वाल्हेर | शुक्रवार, रात्री ८:४५

पेठेतून आलेली पहिली कामाची पोस्ट. गाडीचा आकडा घ्या. देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी या रस्त्यानं साधारण पाचशे किलोमीटर होतात. पण रस्ता ईशान्येकडे सरकतो, तेव्हा टप्प्याटप्प्याला होकायंत्राची दिशा टिपून फक्त उत्तरेचा भाग घ्यायचा. ३९० च्या जवळपास यायला हवं. वळणांमुळे थोडं जास्तच येईल, तेही ± मध्ये घाला.

मांडवीवाला_बडोदा | शुक्रवार, रात्री ९:२०

आणि आम्ही बादच?

कॅट_रोड | शुक्रवार, रात्री १०:००

नाही, तुमच्याकडून दुसरं काम. बडोदं आणि इंदूर जवळजवळ एकाच अक्षांशावर, पण तुम्ही पश्चिमेला २.७ अंश. म्हणजे खरी दुपार तुमच्याकडे १० मिनिटं ४० सेकंदांनी उशिरा होते. हा फरक मोजा. पूर्व-पश्चिम अंतर २७५ किलोमीटरच्या आसपास. साडेदहा-पावणेअकरा मिनिटांत सूर्य २७५ किलोमीटर सरकतो तर २४ तासांत किती? साधारण ३७ हजार. हा आपल्या अक्षांशाच्या वर्तुळाचा परीघ. विषुववृत्ताचा हवा तर २२.५ अंशांच्या कोसाइननं भागा, ४० हजार.

दुपारची वेळ मात्र सर्वांत आखूड सावलीवरून काढू नका, तेव्हा सावली बराच वेळ तेवढीच दिसते. जुनी रीत वापरा: काठीभोवती वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवतं ती वेळ आणि दुपारनंतर पुन्हा शिवतं ती वेळ, दोन्हींचा मध्य. उज्जैनच्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे, जाऊन बघण्यासारखं. तीन-चार वर्तुळं काढून सरासरी घेतलीत तर वीस सेकंदांच्या आत याल.

मांडवीवाला_बडोदा | शुक्रवार, रात्री १०:२५

झकास. फक्त १४-१५ जानेवारी सोडून बोला. उत्तरायणात बडोद्यात गच्चीवर काठी उभी करायला वीतभर जागा मिळत नाही, मिळाली तरी कुणाचा तरी मांजा तिला गुंडाळला जातो.

लष्कर_ग्वाल्हेर | शुक्रवार, रात्री १०:४०

आणि डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं. दुपारी बारापर्यंत सूर्य कुठे आहे तेच कळत नाही. फेब्रुवारीचा पहिला रविवार ठेवा.

लोलक | शनिवार, सकाळी ७:१५

फेब्रुवारी चालेल. मोबाईलची वेळ नेटवर्कवरून आपोआप घेणारी ठेवा, तिघांचीही. आणि काठी उभी करताना जपा. ती उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे १ अंशानं कलली तर तुमच्या ३.५ अंशांतला १ अंश तिथेच गेला, आणि तो सरासरीनंही निघत नाही. एक मीटरच्या काठीचं टोक पावणेदोन सेंटीमीटर सरकलं की झाला १ अंश.

गच्चीवरचा_भाचा | शनिवार, दुपारी १:३०

ओळंब्याला दोऱ्याला बांधलेला नट चालेल? आमच्या गच्चीवर वारा फार असतो, तो सारखा झुलतो.

नर्मदे_हर | शनिवार, दुपारी २:०५

चालेल. खाली पाण्याची बादली ठेव आणि नट तिच्यात बुडव, दोरा बाहेर राहू दे. झुलायचा थांबतो. नट बादलीच्या तळाला टेकू देऊ नकोस.